बिनतोंडाची माशी

माझ्या सासूबाई रागावल्या की त्यांचा आवाज चढत नाही, उतरतो. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या पहिल्यांदा माझ्याशी अगदी हळू बोलल्या तेव्हा मला वाटलं, किती मायाळू बाई आहेत! सासरे त्यांच्या पाठीमागून मला हातवारे करून सांगत होते, की पोरी, पळ.

त्या जनावरांच्या डॉक्टर. खरं तर मेंढ्यांच्याच, कारण डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या छोट्या शहरात गाईगुरं थोडी आणि वरच्या कुरणांवर मेंढ्या अमाप. सगळी नोकरी त्यांनी एका खडखडत्या जीपमध्ये काढली. कुणी 'डॉक्टरीणबाई' अशी हाक मारली की त्या त्याला जागीच थांबवत. "डॉक्टरीण म्हणजे डॉक्टरची बायको. माझा नवरा घड्याळं दुरुस्त करतो. डॉक्टर मी आहे." त्यामुळे सगळे त्यांना डॉक्टरबाई म्हणायला शिकले. मी त्यांना आई म्हणते.

मी इथल्याच सरकारी इस्पितळात डोळ्यांच्या विभागात नर्स आहे. ज्या उन्हाळ्याची ही गोष्ट, त्या उन्हाळ्यात वरच्या कुरणांवरून लाल डोळ्यांची माणसं येऊ लागली. डोळा सुजलेला, पाण्याची धार, आणि सगळ्यांची तक्रार एकच, डोळ्यात काहीतरी वळवळतंय. बहुतेक मेंढपाळ, त्यांच्या बायका आणि पोरं. आम्ही डोळे धुवायचो, थेंब द्यायचो, परत पाठवायचो.

आणि मग आमचे आरोग्य अधिकारी इस्पितळात आले. कडक इस्त्रीचा माणूस. त्यांनी एकाही पेशंटचा डोळा पाहिला नाही. बाकावर बसलेल्या लोकांच्या पायांकडे पाहिलं, त्यांच्या घोंगड्यांकडे पाहिलं, आणि निदान करून मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या दारावर नोटीस लागली. ती मला आजही तोंडपाठ आहे. 'वरच्या वस्त्यांवरील अस्वच्छ राहणीमुळे डोळ्यांची साथ पसरत आहे. मेंढपाळ कुटुंबांशी संपर्क टाळावा.' संपर्क टाळावा! म्हणजे ज्यांची लोकर आपण अंगावर घालतो, त्यांच्या बाजूला बसू नये. आमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, "साहेब, साथ म्हणताय, पण शहरात कुणाला लागण का नाही?" त्यावर उत्तर आलं, "म्हणूनच तर आत्ताच खबरदारी घेतोय."

त्याच आठवड्यात शाळेच्या वसतिगृहाने मेंढपाळांच्या सगळ्या मुलांना घरी पाठवून दिलं. डोळे लाल असोत की नसोत. वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती.

त्यातली एक मुलगी आपल्या आईबरोबर आमच्याकडे आली. वसतिगृहातून घरी धाडली तेव्हा तिचे डोळे काचेसारखे स्वच्छ होते. घरी गेल्यावर, वरच्या कुरणात तिला त्रास सुरू झाला. तिची आई उंच, वाऱ्याने रापलेली, मोजकं बोलणारी. बाकावरची माणसं सरकून बसली तशी ती उभीच राहिली.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"माशी आपटली," ती म्हणाली. "मी बघत होते. भर्रकन आली, पोरीच्या डोळ्यावर धडकली आणि गेली. बसलीसुद्धा नाही. दुपारपासून डोळा लाल."

आमचे डॉक्टर तरुण आहेत, पण ऐकून घेणारे आहेत. त्यांनी मुलीला यंत्रासमोर बसवून डोळ्यावर उजेडाची बारीक पट्टी टाकली, आणि पाहता पाहता मला हाक मारली. "सिस्टर, इकडे या. मला दिसतंय तेच तुम्हाला दिसतंय का, सांगा."

मी पाहिलं. बुबुळाच्या कडेला पांढुरकं, तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक असं काहीतरी होतं. उजेड त्याच्यावर पडला की ते सरसर पापणीखाली पळायचं. त्याला टोकाशी दोन काळे ठिपके होते. अळी होती ती, आणि एकटी नव्हती. आम्ही डोळा बधिर करायचे थेंब घातले. डॉक्टरांनी चिमट्याने एकेक करून त्या अळ्या काढल्या. काढताना त्या अशा चिकटून बसत, की जणू डोळा त्यांच्या बापाचा. मुलगी हूं की चूं न करता बसली होती. सगळं झाल्यावर तिने एकच विचारलं, "आता मला परीक्षेला बसू देतील ना?"

मी त्या अळ्या स्पिरिटच्या कुपीत घालून घरी आणल्या.

सासूबाईंनी जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि आपला मायक्रोस्कोप टेबलावर घेतला. सासऱ्यांनी आपल्या घड्याळांच्या कामाचा दिवा तिरपा करून दिला.

"नाकमाशी," शेवटी त्या म्हणाल्या. "मेंढ्यांना असते. अंडी घालत नाही, जिवंत अळ्याच उडता उडता मेंढीच्या नाकावर फवारते. नाकातून त्या डोक्यात शिरतात, तिथे वाढतात आणि शिंकेबरोबर बाहेर पडतात. कधीतरी माशीचा नेम चुकतो आणि माणसाच्या डोळ्यात पडतात. पण माणसात त्या वाढत नाहीत. मरून जातात."

"म्हणजे हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही?"

"कसं लागेल? ही काय खरूज आहे? आणि याचा धुण्याशी काय संबंध? दिवसातून दहा वेळा तोंड धुतलं तरी माशी काय वाट बदलून जाणार आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे गेल्या. मी सोबत होते. त्यांनी नीट समजावून सांगितलं. साहेबांनी पेन फिरवत ऐकलं, आणि मग त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे माशी मेंढ्यांचीच ना?"

"मेंढ्यांच्या नाकातली, हो."

"मग आम्ही काय वेगळं म्हणत होतो, मॅडम? मेंढ्या यांच्या, माशा यांच्या. तुम्ही तर आमचं काम सोपं केलंत."

दोन दिवसांत नवा हुकूम निघाला. डोळ्यांच्या साथीचं मूळ मेंढ्यांत असल्याचं 'पशुवैद्यकीय तपासणीत सिद्ध झाल्याने' वरची कुरणं रिकामी करावीत. माशीचा नायनाट होईपर्यंत मुलांना वसतिगृहात प्रवेश नाही. भर उन्हाळ्यात कुरणं रिकामी करायची, म्हणजे कळप न्यायचे कुठे? शहराच्या चौकात?

त्या संध्याकाळी सासूबाई इतक्या हळू बोलत होत्या की मला ओठांकडे बघून समजून घ्यावं लागलं. "माझ्याच तोंडाचा वापर करून त्यांच्या तोंडचा घास काढला," त्या म्हणाल्या. मग उठल्या आणि ती कुपी पुन्हा मायक्रोस्कोपखाली ठेवली.

एक गोष्ट त्यांना पहिल्या दिवसापासून खटकत होती. त्या कळपांना वसंतात नाकातल्या अळ्यांचं औषध त्यांनी स्वतःच्या हाताने पाजलं होतं. नंतर तपासलेल्या मेंढ्यांत अळी औषधालाही सापडली नव्हती. मग इतक्या माशा आल्या कुठून? त्यांनी आपल्या संग्रहातली मेंढीची अळी काढून शेजारी ठेवली. दोन्ही आळीपाळीने पाहिल्या, मग मला बोलावलं.

"शेपटाकडचे आकडे बघ. या डोळ्यातल्या अळीचे दाट आहेत, दोन ओळींत. त्या अळीचे विरळ, एकाच ओळीत. मी त्या दिवशी घाई केली. ही आपल्या मेंढ्यांची माशी नाही."

"मग कुणाची?"

"तेच तर शोधायचं."

राजधानीच्या संग्रहालयात माशांचे एक जाणकार होते. म्हातारे आणि तिरसट. सासूबाईंनी त्यांना अळ्यांची छायाचित्रं पाठवली आणि फोन केला. फोनचा आवाज इतका मोठा की मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता.

"बाई, अळी वेगळी आहे हे खरं. पण अळीवरून नाव सांगायला मी ज्योतिषी नाही. मला पंखवाली माशी हवी. आणि ती अळी कोणत्या जनावरात वाढते, त्याचा पुरावा हवा. दोन्ही आणा, नाव घेऊन जा."

"कुरणं रिकामी करायला निघालेत हो लोक! तुम्ही निदान लिहून तरी द्या, की मेंढीची नाही म्हणून."

"उद्या कुणी मला खोटं पाडलं तर तुमचे मेंढपाळ दुप्पट अडकतील. चुकीचं लिहिण्यापेक्षा मी उशिरा लिहीन." मग त्यांचा सूर जरा नरमला. "या जातीच्या माशा शोधून सापडत नाहीत. त्यांना धड तोंडच नसतं. आयुष्यात काही खात नाहीत, अळी असताना जे साठवलं त्यावरच जगतात. त्यामुळे फुलावर, शेणावर, कुठेच भेटणार नाहीत. पण नर एका जागी जमतात. डोंगराच्या सगळ्यात उंच टोकावर, उन्हाने तापलेल्या खडकांवर बसून माद्यांची वाट बघतात. ऊन चांगलं चढलं की जा. ढग असेल तर जाऊ नका."

सासूबाईंचा एक गुडघा तेव्हाच कामातून गेलेला होता. सासरे म्हणाले, "दुसऱ्या कुणाला पाठव." त्यांनी सासऱ्यांकडे नुसतं पाहिलं. सासरे गुपचूप गेले आणि मच्छरदाणीच्या कापडाची दोन जाळी शिवून घेऊन आले.

वाट दाखवायला त्या मुलीची आई आली. तिघी निघालो. सासूबाई दर वळणावर गुडघ्याला शिव्या घालत होत्या आणि गुडघ्याच्या शिव्या संपल्या की आरोग्य अधिकाऱ्यांना. मेंढपाळीण पुढे चालायची, मागे वळून बघायची, थांबायची. मध्येच म्हणाली, "डॉक्टरबाई, रागाने चालू नका, दम लागतो."

"रागानेच चालतेय गं. राग उतरला तर इथेच बसेन."

टोकावर पोचलो तेव्हा आभाळ लख्ख होतं. चहूकडे नुसता दगड. पहिल्यांदा काही दिसलंच नाही. मग एका खडकावरचा करडा डाग उडाला, गोल गिरकी घेऊन पुन्हा तिथेच बसला. मग दुसरा. डोळ्यांना सवय झाली तसे ते सगळीकडे दिसू लागले. मोठ्या डोक्याच्या, अंगावर खडबडीत ठिपके असलेल्या माशा, उन्हाकडे तोंड करून बसलेल्या. गंमत म्हणजे तोंडच नसलेल्या. पण त्यांच्यावर जाळं टाकणं म्हणजे ठिणगी पकडणं. सासूबाई आणि मी धावून धावून लाल झालो. मेंढपाळणीने आमची धावपळ पाहिली, आपलं ओढणीसारखं जुनं फडकं काढलं, एका खडकामागे पालथी पडली आणि माशी परत येऊन बसेपर्यंत हललीच नाही. पहिली माशी तिने धरली. मग आम्हालाही युक्ती कळली.

उतरताना तिनेच घळीत बोट दाखवलं. एक रानबोकड कड्यावरून घसरून मरून पडला होता. अंग अजून ताजं होतं. "हे नेहमी शिंकत असतात," ती म्हणाली. "यंदा फार झालेत. बर्फ लवकर वितळलं म्हणून आमच्या कुरणापर्यंत उतरतात."

सासूबाई मटकन खाली बसल्या. मला वाटलं गुडघा गेला. त्या म्हणाल्या, "पिशवीतली करवत दे."

त्या बोकडाचं डोकं उघडलं तेव्हा कपाळाच्या पोकळ्यांत अळ्या ठासून भरल्या होत्या. बोटाच्या पेरासारख्या जाड, पिकून तपकिरी झालेल्या. हातभर कातडं, रक्त आणि वास यांच्यामध्ये माझी सासू लहान मुलीसारखी हसत होती.

त्या अळ्या आमच्या स्वयंपाकघरात आल्या. काचेच्या बरणीत वाळू घालून, वर कापड बांधून, फडताळात मसाल्यांच्या शेजारी. अळ्या वाळूत शिरल्या आणि त्यांचे काळे टणक कोश झाले. सासरे चहाची पत्ती शोधताना एकदा चुकीची बरणी उघडणार होते. त्यानंतर त्यांनी स्वतःचा चहा स्वतः करणं सोडून दिलं आणि त्याचं खापर सायन्सवर फोडलं.

कोशातून माशी निघायला वेळ लागतो. तोवर बाकीचं जग थांबत नाही. दरम्यान परीक्षा झाल्या. मेंढपाळांची मुलं फाटकाबाहेर उभी राहून परत गेली. अर्धे कळप पायथ्याच्या वाळल्या गवतावर आणले होते, कोकरं खंगत चालली होती. इस्पितळात मी रोज त्या नोटिशीखालून आत जात होते. एका बाईने मला विचारलं, "सिस्टर, मेंढपाळांना हात लावल्यावर तुम्ही हात धुता ना?" मी म्हटलं, "तुम्हाला लावल्यावरही धुते."

एका सकाळी बरणीत दोन माशा बसलेल्या दिसल्या. करड्या, मोठ्या डोक्याच्या. एक मादी, एक नर. नर अगदी डोंगरावरच्यासारखा. मादीच्या पोटात अळ्या धरेपर्यंत जोडी बरणीतच ठेवली.

या वेळी संग्रहालयाचे म्हातारे स्वतःच आले, बसने, मांडीवर लाकडी पेटी घेऊन. आमच्या जेवणाच्या टेबलावर दिवसभर बसले. टोकावरचे नर, बरणीतली जोडी, बोकडाच्या डोक्यातल्या अळ्या, मादीच्या पोटातून काढलेल्या इवल्या अळ्या आणि मुलीच्या डोळ्यातल्या अळ्या, सगळं एकाशेजारी एक ठेवून पाहिलं. पाठीवरच्या उंचवट्यांपासून शेपटाच्या आकड्यांपर्यंत. जेवायला बोलावलं तर म्हणाले, "नंतर." शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"रानबोकडांची नाकमाशी. इथून फार दूरच्या एका डोंगररांगेतले जुने थोडेसे नमुने आमच्याकडे आहेत, ते सगळे नर. हिची मादी, हिची अळी कुणी पाहिली नव्हती. आणि ही माणसाच्या डोळ्यात अळ्या टाकते हे तर कुणाला माहीतच नव्हतं. मेंढ्यांचा हिच्याशी काडीचा संबंध नाही." मग सासूबाईंकडे पाहून म्हणाले, "आता कितीही मोठ्या अक्षरांत लिहून देतो."

बैठक आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात झाली. सासूबाई, म्हातारे, आमचे डोळ्यांचे डॉक्टर, मी, आणि सासूबाईंच्या हट्टाने ती मेंढपाळीण. तिला खुर्ची दिली नाही, म्हणून सासूबाईही उभ्या राहिल्या. मग म्हातारे उठले. शेवटी शिपायाने खुर्ची आणली.

साहेबांनी कागद वाचला आणि हसले. "उत्तम! म्हणजे मूळ कारण रानबोकड. आमच्या कार्यालयाच्या दक्षतेमुळेच हा शोध लागला, असं म्हणायला हरकत नाही. कुरणांचा हुकूम आम्ही मागे घेतो. तसाही हंगाम संपतच आलाय."

"आणि नोटीस?" सासूबाईंनी विचारलं.

"ती काढून टाकू."

"नुसती काढायची नाही. मेंढपाळ अस्वच्छ नव्हते, चूक झाली, असं तिथेच लावायचं."

"मॅडम, माशी मेंढ्यांची नाही हे मी मान्य केलं. त्यात सगळं आलं."

सासूबाई काही बोलणार तेवढ्यात मेंढपाळीण बोलली. तिने आवाज चढवला नाही. "साहेब, माशी मेंढीची असती, तर आम्ही घाणेरडे असतो का?"

साहेबांनी तिच्याकडे पहिल्यांदा पाहिलं.

"माशी कुणाची का असेना," ती म्हणाली. "ती उडत आली आणि पोरीच्या डोळ्यावर धडकली. यात आमचं न धुतलेलं काय होतं? बोकडाची निघाली म्हणून आम्ही सुटलो. मेंढीची निघाली असती तर?"

साहेब घड्याळाकडे बघून म्हणाले, "मला दुसरी मीटिंग आहे."

परतताना सासूबाईंनी जीप सुरू केली. मग मला म्हणाल्या, "बघ गं. उन्हाळाभर मी माशीचं नाव शोधत बसले. ते शोधायलाच हवं होतं, नाहीतर कुरणं गेली असती. पण त्या माणसाशी भांडायचं होतं ते यावर नव्हतंच. तिने एका वाक्यात सांगितलं."

साहेबांनी चूक लिहून दिली नाही, ती नाहीच. उलट वर्षअखेरीस त्यांच्या कार्यालयाला कसलंसं प्रशस्तिपत्रक मिळालं, माशीचा माग काढल्याबद्दल. ते त्यांनी चौकट करून लावलंय. ते अजून त्याच खुर्चीत आहेत. हे लिहितानाही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

इस्पितळातली नोटीस मी काढली. त्या जागी डोळ्यांच्या डॉक्टरांनी आपल्या सहीने दुसरी लावली. डोळ्यात माशी धडकली तर चोळू नका, लगेच या, हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, आणि याचा स्वच्छतेशी काहीही संबंध नाही. शेवटचं वाक्य जाड अक्षरांत. वरून विचारणा झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "खोटं असेल ते वाक्य दाखवा, मी काढतो." पुन्हा कुणी विचारलं नाही.

नवं वर्ष सुरू झालं तेव्हा मुलीला पुन्हा त्याच वर्गात बसावं लागलं, कारण परीक्षा दिली नव्हती ना! सोडायला सासूबाई जीप घेऊन गेल्या. मुलगी, तिची आई आणि मी मागे बसलो होतो. फाटकात वसतिगृहाच्या रेक्टरबाई उभ्या होत्या. शहरातली मुलं धडाधड आत जात होती. ही मुलगी पुढे झाली तशी त्यांनी हात आडवा केला.

"हात दाखव. नखं. आणि मान वळव, कान बघू."

मुलीने हात पुढे केले. तिच्या आईचा चेहरा दगडासारखा झाला. सासूबाई जीपमधून उतरल्या, लंगडत आल्या आणि मुलीच्या हातांशेजारी आपले दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.

"आधी माझे बघा," त्या इतक्या हळू म्हणाल्या की मागची पालकमंडळी ऐकायला पुढे सरकली. "सकाळीच एका व्यालेल्या मेंढीची अडकलेली वार काढून आलेय. मग या सगळ्यांचे बघा, ओळीने. मग हिचे."

रेक्टरबाई लालेलाल झाल्या. त्यांनी मागच्या रांगेकडे पाहिलं. चार-दोन पालकांनी आपापल्या मुलांना खरोखरच हात पुढे करायला लावले होते, कुणी गमतीने, कुणी मनापासून. मग रेक्टरबाईंनी आडवा हात खाली घेतला.

मुलगी आत गेली. वळून पाहिलं नाही, धावतच गेली, कारण घंटा होत होती.